दोन कोठ्यांची भट्टी



शहाद्याच्या पपईला आणि नंदुरबारच्या मिरचीला पाणी पोचवणारी ठिबकची काळी नळी पॉलिथिलीनची असते. पॉलिथिलीन होतं इथिलीनपासून, आणि इथिलीन तयार होतं भट्टीत. आपल्या प्रकाशा गावावरून पुढे गेलेली तापी जिथे समुद्राला मिळते, त्या हजिऱ्याला 1997 साली नॅफ्था क्रॅकर, म्हणजे खनिज तेलातला नॅफ्था तोडून इथिलीन करणारा कारखाना, सुरू झाला. रायगडात नागोठण्यालाही क्रॅकर आहे. तो उरणहून येणाऱ्या वायूसाठी उभारलेला.

भट्टीतल्या नळ्यांतून नॅफ्था आणि वाफ एकत्र सोडतात. आठशे-साडेआठशे अंश सेल्सिअसला, सेकंद पुरा व्हायच्या आत, मोठे रेणू तुटतात. पण त्याच वेळी नळीच्या आतल्या बाजूला कोकचा, म्हणजे कार्बनचा, थर धरू लागतो. तो जाड झाला की उष्णता आत जात नाही आणि नळीचा धातूच तापत जातो. मग काही आठवड्यांनी नॅफ्था बंद करून, वाफ आणि हवा सोडून, कोक जाळून काढावा लागतो. तोवर त्या भट्टीतून इथिलीन नाही.

एकाच भट्टीत नळ्या तापवणाऱ्या दोन कोठ्या ठेवण्याच्या रचनेचं मोल इथे कळतं. दोन्ही कोठ्यांचे बर्नर वेगळे, आच वेगळी सांभाळता येते. तशी सोय ठेवली असेल तर एका कोठीतला कोक जाळत असताना दुसरी इथिलीन देत राहते. एकीत नॅफ्था आणि दुसरीत इथेन, असंही चालवता येतं. मग एकच मोठी रुंद कोठी का नको? कारण नळ्यांच्या रांगेला दोन्ही अंगांनी सारखी आच लागायला हवी. एका कोठीत रांगा वाढवल्या की त्या एकमेकींची आच अडवतात.

कोठ्या दोन असल्या तरी वरचा उष्णता टिपणारा भाग, धूर ओढणारा पंखा आणि धुराडं सामाईक. चुलीची उरलेली धग जशी वैलावरच्या भांड्याला मिळते, तसा हजारावर अंशांचा धूर वर जाताना नॅफ्था तापवतो, वाफ करतो. जागा वाचते, लोखंड वाचतं. मात्र तो सामाईक पंखा बंद पडला, तर दोन्ही कोठ्या एकदमच थांबवाव्या लागतात. म्हणून माझ्या मते ही रचना निवडताना पहिला प्रश्न त्या पंख्याच्या भरवशाचा विचारावा, वाचलेल्या जागेचा नंतर.