कुष्ठरोगातील मज्जातंतू आणि शरीराची प्रतिकारशक्ती

कुष्ठरोगाचा जंतू आर्मॉर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे शोधला. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात, म्हणजे त्वचा आणि तिच्यालगतचे मज्जातंतू. कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या नेणारा अल्नर मज्जातंतू त्याला वारंवार बळी पडतो.

मज्जातंतूवर वायरीवरच्या रबरासारखे मायलिनचे वेष्टण असते. ते तयार करणाऱ्या श्वॉन पेशींत हा जंतू ठाण मांडतो. मात्र जहाल विष तो सोडत नाही. मोठी हानी होते ती त्याच्यावर चालून आलेल्या प्रतिकारशक्तीकडून. झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांवरील २०१७ च्या संशोधनात हे थेट पाहता आले. जंतू गिळलेल्या भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि त्याने शेजारच्या निरोगी मज्जातंतूंचेही वेष्टण बिघडते. भक्षक पेशींना चिथावणी मिळते ती जंतूच्या आवरणातील एका मेदयुक्त पदार्थाची.

प्रतिकारशक्ती जोरदार असेल तर चट्टे मोजके आणि जंतू थोडे असतात. पण मज्जातंतू लवकर सुजतो, जाड होतो. ती दुबळी असेल तर जंतू अमाप वाढतात आणि बधिरता सावकाश, पण दोन्ही हातापायांत पसरते.

सर्वांत घातक असते ती ‘रिअ‍ॅक्शन’, म्हणजे जंतूविरुद्ध प्रतिकारशक्तीचा अचानक उसळणारा दाह. जुना चट्टा अचानक लाल होऊन फुगतो, मज्जातंतू ठणकतो. त्याच्या घट्ट आवरणात सूज मावत नाही, रक्तपुरवठा आवळला जातो आणि काही दिवसांतच बोटे वाकडी होऊ शकतात किंवा पाऊल लोंबू लागते. बोटे ‘झडतात’ हा समज मात्र चुकीचा आहे. चुलीवरच्या भांड्याचा किंवा विडीचा चटका बधिर हाताला कळत नाही. जखमा चिघळतात आणि हाडे झिजतात.

बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात, परंतु त्यांचे अवशेष शरीरात बराच काळ राहतात. त्यामुळे उपचार संपल्यावरही रिअ‍ॅक्शन येऊ शकते. अशा वेळी प्रेडनिसोलोन देऊन दाह शमवतात. जंतुनाशक औषधे चालू असतील तर ती थांबवत नाहीत. सहा महिन्यांच्या आतले नुकसान भरून येण्याची शक्यता अधिक असते. काही रुग्णांत मज्जातंतू मुळीच न दुखता निकामी होतो. म्हणून दर तपासणीत रुग्णाला डोळे मिटायला सांगून तळहाताला बॉलपेनचे टोक टेकवतात आणि कुठे टेकले ते विचारतात. करंगळीतला जोरही पाहतात.