तरुण मातापित्यांना परवडणारा एक छंद
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात आम्हां उभयतांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



तरुण संसारी माणसांनी फुरसतीचा वेळ कसा घालवावा, या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणिसांनी आम्हां पतिपत्नींना केली. ती ऐकून आम्हांस प्रथम हसूच आले. ज्याच्या गाठी पैसा नाही त्याला ठेव कोठे ठेवावी हे विचारावे, त्यांतलाच हा प्रकार! आम्ही दोघेही नोकरी करतो; आमची कन्या यंदा नवव्या वर्षात आहे आणि धाकटा चिरंजीव चार वर्षांचा आहे. सकाळचा डबा, शाळेची गाडी, लोकलची गर्दी, सायंकाळचा स्वयंपाक आणि रात्रीचा गृहपाठ यांतून जी फुरसत उरते, ती झोपेच्या खात्यावर जमा होते. तथापि गेल्या काही वर्षांत आम्हांस एक छंद लाभला, त्याने आमच्या घरात व शेजारात पुष्कळ फरक पडला, आणि त्यापायी आमची झोप किंवा शिल्लक यांवर फारसा घाला पडला नाही. तो अनुभव आपल्यापुढे ठेवावा, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रारंभी एक कबुली दिली पाहिजे. या सभागृहात आज वडीलधारी मंडळी आहेत, गुणगौरवासाठी आलेले विद्यार्थी आहेत. परंतु तिशी-पस्तिशीची, कडेवर मूल असलेली मंडळी थोडीच दिसतात. आम्हीही चार वर्षे येथे फिरकलो नव्हतो. वार्षिक वर्गणी तेवढी पाठवीत होतो. यात संस्थेचा दोष नाही. पूर्वी वाड्यात किंवा चाळीत मूल रडले तर ते उचलून घेणारे चार हात असत आणि आईला ओट्यावर बसून दोन गोष्टी बोलावयास मिळत. आज सदनिकेचे दार लागले की आत दोन दमलेली माणसे आणि एक लहान मूल, एवढेच जग उरते. या एकटेपणाची वाच्यता कोणी करीत नाही. कारण सगळे काही ठीक चालले असताना तक्रार करावी तरी कशाची?

आमचा पहिला प्रयत्न फसला, तो कसा, हे सांगणे उपयोगाचे होईल. सन २०१९ मध्ये आमच्यापैकी पतिराजांनी प्रकृतीच्या व करमणुकीच्या नावाखाली एका बॅडमिंटनच्या क्लबात तिमाहीचे पैसे भरले. आठवड्यातून तीन सायंकाळी ते खेळावयास जात. तिसऱ्या आठवड्यात मुलीला ताप आला. त्या रात्री घामाघूम होऊन, मोठ्या प्रसन्न चित्ताने ते घरी परतले, तेव्हा आमच्यापैकी पत्नीने दार उघडले आणि शांतपणे एवढेच म्हटले, "तुम्ही खेळून ताजेतवाने होऊन येता. मी मात्र तुम्हांला दार उघडण्यासाठी जागी असते." भांडण झाले नाही. झाले असते तर बरे झाले असते, असे आज वाटते. क्लबात जाणे बंद झाले, भरलेले पैसे बुडाले आणि घरातल्या एकाचा छंद हा दुसऱ्याचा बोजा होऊ शकतो, हे मात्र आम्हां दोघांच्या मनावर कायमचे कोरले गेले.

पुढे या गोष्टीचा विचार करताना आम्ही तीन अटी ठरविल्या. पहिली, ज्यासाठी घरातल्या एकाला मागे राहावे लागते, तो छंद आमचा नव्हे. दुसरी, त्यासाठी दरमहा पैसे मोजावे लागू नयेत. म्हणजे एखाद्या महिन्यात मूल आजारी पडले तर मूल आणि पैसे अशी दुहेरी चिंता होणार नाही. तिसरी, त्यात चार माणसांशी बोलणे व्हावे. कारण आम्हांला करमणुकीपेक्षा सोबतीची भूक अधिक होती.

या तिन्ही अटी पुऱ्या करणारी गोष्ट आमच्या डोक्यावरच होती, ती आम्हांस २१ डिसेंबर २०२० रोजी सापडली. त्या दिवशी गुरू आणि शनी हे दोन ग्रह आकाशात एकमेकांच्या इतके निकट आले होते की, साध्या डोळ्यांना त्यांची जवळजवळ एकच ज्योत दिसावी. साथीचे दिवस होते. तोंडाला मुखपट्ट्या बांधून इमारतीतली सहा-सात कुटुंबे सूर्यास्तानंतर गच्चीवर जमली. नैर्ऋत्येस, क्षितिजाच्या थोडे वर, ते दोन ठिपके दिसले. त्याला दहा मिनिटे पुरली. परंतु मंडळी खाली उतरली ती दीड तासाने! एकाच जिन्याने चढणारी-उतरणारी आम्ही माणसे, त्या रात्री प्रथमच एकमेकांच्या मुलांची नावे विचारीत होतो. तेव्हापासून दर महिन्याच्या अमावास्येच्या आसपासचा शनिवार आम्ही आकाशदर्शनासाठी राखून ठेवला आहे.

आता खर्चाविषयी. ताऱ्यांची ओळख करून घेण्यास दोन डोळे आणि एक तारकानकाशा एवढे साहित्य पुरते. आरंभीच दुर्बीण घेण्याच्या मोहात कोणी पडू नये. स्वस्त दुर्बिणीचा तिपाईचा घोडा डळमळतो, तारा भिंगात ठरत नाही आणि मुलांचा हिरमोड होतो. आम्ही पहिले वर्ष काहीही विकत घेतले नाही. दुसऱ्या वर्षी सहा कुटुंबांनी प्रत्येकी हजार रुपये काढून दोन्ही डोळ्यांनी पाहावयाची एक द्विनेत्री घेतली. तिच्यातून चंद्रावरील विवरे दिसतात, कृत्तिकांचा झुबका दिसतो आणि ती कठड्यावर स्थिर टेकविली असता गुरूचे चार चंद्रही दिसतात. गॅलिलिओने १६१० साली पाहिले ते हेच चार चंद्र, असे सांगताच मुलांची रांग लागते. ती पाळीपाळीने प्रत्येक घरी राहते. मात्र तिच्यातून सूर्याकडे कधीही पाहू नये, ही सूचना आम्ही तिच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे. क्षणभर पाहिल्यानेही दृष्टी कायमची जाऊ शकते.

शहरातल्या दिव्यांपुढे तारे दिसतात कोठे, असा आक्षेप आपण घ्याल. तो खरा आहे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पास २०२४ साली भारतातील पहिले 'गडद आकाश उद्यान' म्हणून मान्यता मिळाली. अंधार हा जपून ठेवण्याचा ठेवा झाला, याचेच हे लक्षण. परंतु नवशिक्याला शहराचे आकाश एका परीने सोयीचे असते. गावाकडच्या काळ्याभोर आकाशात ताऱ्यांची इतकी गर्दी असते की, ओळख पटविणे कठीण जाते. शहरात ठळक तेवढेच तारे उरतात आणि धड्याला तेच हवे असतात. गच्चीवर गेल्यावर डोळे अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ मोबाईल खिशात ठेवावा आणि विजेरीच्या काचेवर लाल कागद बांधावा. वीस-तीस मिनिटे मोबाईल खिशात, हा या छंदाचा आम्हांस मिळालेला पहिला लाभ होय!

पौष-माघात रात्री नवाच्या सुमारास डोक्यावर मृग नक्षत्र असते. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे मृगाचे पाय आणि मध्ये एका ओळीत रुतलेले तीन तारे म्हणजे व्याधाचा बाण. ती ओळ आग्नेयेकडे वाढविली की आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा जो व्याध, तो सापडतो. उलट दिशेस वाढविली की तांबूस रोहिणी आणि तिच्या पलीकडे कृत्तिका. एवढे एका रात्रीत चार वर्षांच्या मुलासही येते. लोकमान्य टिळकांनी वेदकाळाचा माग काढणारा 'ओरायन' हा ग्रंथ १८९३ साली लिहिला, तो याच मृगाच्या आधारे.

या मृगानेच आमच्या गच्चीवर वडीलधाऱ्या मंडळींना आणले. झाले असे की, एका आजींनी नातवंडांना सांगितले, "मृग लागला की पाऊस येतो. सात-आठ जूनला मृग लागतो." त्यावर आमच्या कन्येने विचारले, "आजी, मृग जूनमध्ये लागतो, तर तो थंडीत कसा दिसतो?" आजी निरुत्तर झाल्या, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही झालो. आठवडाभर आम्ही पंचांग व पुस्तके चाळली, तेव्हा उलगडा झाला. मृग लागतो म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात येतो. त्या वेळी ते नक्षत्र सूर्यासवे दिवसा आकाशात असते, म्हणून दिसत नाही. सहा महिन्यांनी सूर्य त्याच्या समोरच्या बाजूस जातो आणि मृग रात्री झळकतो. त्या महिन्याची पौर्णिमा मृगशीर्षाजवळ होते, म्हणून तो मार्गशीर्ष. कार्तिकाचे नाव कृत्तिकेवरून, चैत्राचे चित्रेवरून, माघाचे मघेवरून. ज्या आजींनी जन्मभर महिन्यांची नावे घेऊन व्रते केली, त्यांनी सत्तराव्या वर्षी त्या नावांचा धनी प्रथमच पाहिला. त्या दिवसापासून त्या प्रत्येक शनिवारी थर्मासमधून चहा घेऊन येतात. मुले त्यांच्याभोवती बसतात आणि मुलांच्या आयांना अर्धा तास मोकळेपणी बोलावयास मिळते. चार उचलणारे हात पूर्वी वाड्यात होते असे आम्ही आरंभी म्हटले. ते आम्हांस गच्चीवर पुन्हा सापडले.

वैशाखात सप्तर्षी उत्तरेस उंच येतात. त्यांच्या शेपटाच्या टोकापासून दुसरा तारा वसिष्ठ आणि त्याला चिकटून असलेली अंधुक चांदणी ती अरुंधती. विवाहानंतर वधूवरांना ती दाखविण्याची आपली रीत आहे. आमच्या विवाहात भटजींनी भर दुपारी कार्यालयाच्या छताकडे बोट दाखविले होते आणि आम्ही दोघांनीही श्रद्धेने "दिसली" म्हणून मान डोलाविली होती! विवाहानंतर कित्येक वर्षांनी ती आम्हांस खरोखर दिसली. आकाशाकडे बराच वेळ पाहावे लागले, पण दिसली. ध्रुव मात्र शोधून काढावा लागतो. मुंबईच्या अक्षांशावर तो क्षितिजापासून सुमारे एकोणीस अंश वर असतो. हात लांब करून मूठ धरली असता ती दहा अंशांच्या जवळपास भरते, सबब दोन मुठींवर ध्रुव. पुष्कळांच्या गच्चीवरून तो समोरच्या इमारतीमागे लपतो, हेही सांगून ठेवतो.

या छंदात निराशा नाहीत असे नव्हे. पावसाचे चार महिने आकाश बंद असते. तेव्हा आम्ही कोणाच्या तरी घरी कॅरम मांडतो. गेल्या वर्षी, म्हणजे ७ सप्टेंबर २०२५ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री, खग्रास चंद्रग्रहण होते. सगळी मुले दुपारी निजवून ठेवली होती. रात्री अकरा वाजता चंद्र पूर्ण झाकोळावयाचा, तर आमच्या डोक्यावर नुसते ढग! काही वडीलधाऱ्यांनी ग्रहण पाळले होते, काहींनी पाळले नव्हते. दोन्ही पक्ष एकाच सतरंजीवर बसून ढगांना नावे ठेवीत होते. मध्यरात्रीनंतर ढगांतल्या एका फटीतून तांबडा चंद्र मिनिटभर दिसला, आणि जी मुले जागी होती त्यांनी झोपलेल्यांना हलवून उठविले. काही दिसले नसते, तरी ती रात्र वाया गेली असे कोणी म्हटले नसते.

एक अडचण प्रत्येक इमारतीत येईल, ती गच्चीच्या किल्लीची. आमच्याकडेही प्रथम नकार मिळाला होता. आम्ही लेखी अर्ज केला, मुलांवर दोन मोठी माणसे कायम लक्ष ठेवतील, कठड्याजवळ कोणी खेळणार नाही आणि साडेदहाला दार बंद होईल, असे लिहून दिले. ते आजवर पाळले. म्हणून किल्ली टिकली. ज्यांना अधिक शिकावयाचे असेल त्यांच्यासाठी पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे आणि मुंबईत खगोल मंडळ आहे. तेथील हौशी मंडळी नवशिक्याला आपुलकीने शिकवितात.

आता एक विनंती करून थांबतो. आपल्या संस्थेच्या या इमारतीस प्रशस्त गच्ची आहे. वर्षातून काही मोजके समारंभ सोडले, तर ती बंद असते. पावसाळा संपल्यावर दर महिन्याचा एक शनिवार ती गच्ची लहान मुलांच्या आईबापांसाठी उघडावी. सतरंज्या संस्थेच्या आहेतच. निधी नको, ठराव नको, प्रमुख पाहुणे नकोत. किल्ली तेवढी हवी. जी तरुण मंडळी भाषणे ऐकावयास येत नाहीत, ती मुलांना तारे दाखवावयास येतील, असा आमचा विश्वास आहे. आणि एकदा जिना चढून आलेली माणसे खालच्या सभागृहातही येतील.

शेवटी एक घरचीच गोष्ट. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे साडेआठ वर्षे लागतात. यंदा आमची कन्या त्या वयाची झाली. ती जन्मली तेव्हा तेथून निघालेला प्रकाश तिच्या डोळ्यांत आत्ता पोहोचला, असे आम्ही तिला सांगितले. तिने थोडा विचार करून विचारले, "म्हणजे इतकी वर्षे तो येत होता, आणि तुम्ही कोठे होता?" या प्रश्नाचे उत्तर आम्हां दोघांपाशी नव्हते. पहिली काही वर्षे आम्ही घरातच होतो, आणि तरीही एकमेकांपासून व आपल्या माणसांपासून दूर होतो. ती वर्षे परत येणार नाहीत. ज्यांची मुले आज वर्षा-दोन वर्षांची आहेत, त्यांची तरी ती जाऊ नयेत, म्हणून हा भाषणाचा खटाटोप.