गर्दीत स्वतःला विसरण्याचा हक्क



बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या कौतुकाचा फुगा फोडला. आपल्यापैकी अनेकजण खेडं सोडून शहरात आलो ते शिकायला, आणि अनोळखी व्हायलाही. शहरात शेजाऱ्यांची पकड सैल होते, हे समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ साली मांडलं होतं. हे आपल्याकडे कितपत खरं ठरतं?

जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’मध्ये (१९२२) लिओपोल्ड ब्लूम दिवसभर डब्लिनमध्ये फिरतो. तो ज्यू म्हणून पबमध्ये त्याचा अपमान होतो. पण रस्त्यावर दुकानं, जाहिराती पाहत तो आपल्याच विचारांत हरवू शकतो.

मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ (१९३५) हीसुद्धा एकाच दिवसाची कादंबरी. बुलाशाह या कल्पित शहरात संडास साफ करणारा तरुण बखा बाजारात जातो. पानवाला त्याच्या नाण्यावर पाणी शिंपडून मगच ते उचलतो, सिगारेटचं पाकीट त्याच्याकडे फेकतो. मिठाईवालाही जिलेबीची पुडी फेकतो. तरी बखा खूश आहे. जिलेबी खात, पाट्या न्याहाळत तो चालतो. नेमका तेव्हाच एका सवर्णाला त्याचा स्पर्श होतो. गर्दी जमते, शिव्या पडतात, थोबाडीत बसते. त्यानंतर तो आपण येत असल्याची आरोळी देत चालतो.

वरवर शिक्षा स्पर्शाची आहे. माझ्या मते ती विसरण्याची आहे. ब्लूमला रस्त्यावर जी तंद्री फुकट मिळते, तिची किंमत बखाला गालावर मोजावी लागते. जातीचं शहर माणसाला रस्ता देतं, तंद्री देत नाही.

आनंद स्वतः दलित नव्हते. बखाच्या नजरेने शहर पाहण्याचा त्यांचा प्रयत्न मोलाचा, पण नजर उसनी. पुढे दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) मुंबईचा कावाखाना आतून दाखवला.

आज माझ्या नोटेवर कुणी पाणी शिंपडत नाही. ऑनलाइन पैसे तर विटाळतही नाहीत! पण खोली बघायला गेल्यावर भाडं ठरतं, चहा येतो, आणि मग प्रश्न येतो, “पूर्ण नाव काय म्हणालात?” दुसऱ्या दिवशी कळतं, खोली आधीच गेली.

म्हणून तुम्ही पदवीधर झालात, तर आपल्या शहरातला एक दिवस लिहून काढा. कुठे निर्धास्त चाललात, कुठे आडनाव गिळलंत, ते गल्लीच्या नावासकट लिहा. शहराचा तो नकाशा आपल्याशिवाय कुणी काढणार नाही.