नामावलीतलं नाव

मैत्रिणींनो, शेतात निंदण बाईचं आणि सातबारा पुरुषाच्या नावावर, हे वर्ध्यात मी सांगायला नको. सिनेमातही तेच. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी सरस्वतीबाई फाळके रात्री जागून फिल्मला भोकं पाडत. नाव झालं दादासाहेबांचं.

अमेरिकेतल्या एलेन बासचं तर कामच सिनेमाच्या नामावल्या रचण्याचं! 'स्पार्टाकस'ची (१९६०) नामावली तिनं सॉल बाससोबत केली. १९६१ साली त्यांचं लग्न झालं, मग मुलं. गाजला तो सॉल. 'गुडफेलाज'च्या (१९९०) पडद्यावर मात्र दोघांची नावं आली.

१९९३चा 'द एज ऑफ इनोसन्स' मिळाला तर सुरुवात चुकवू नका. लेसच्या जाळीआड, हस्ताक्षराच्या ओळींमागे फुलं उमलत राहतात. आपण नेमक्या तेव्हाच खुर्ची शोधत असतो.