वेदना थांबली, कंडरा जुळली नाही



 

फिजिओथेरपीच्या या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून कंडरांच्या दुखापतींवर वापरल्या जाणाऱ्या सुगंधी तेलांचा मी आढावा घ्यावा, अशी अपेक्षा आहे. नीलगिरी, पुदिना, कापूर, ओवा, लव्हेंडर, गंधपुरा अशी ती यादी आहे. मी मात्र आज गंधपुऱ्यावरच बोलणार आहे. बरीच वर्षं मनात साठलेलं बोलायला हे व्यासपीठ पुन्हा मिळायचं नाही.

गंधपुऱ्याच्या तेलात 95 टक्क्यांहून अधिक मिथाइल सॅलिसिलेट असतं. ते ॲस्पिरिनच्या कुळातलं. चोळलं की कातडी लाल होते, ऊब येते, ठणका कमी होतो. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण ते ‘शीर जुळवणारं तेल’ म्हणून विकलं जातं आणि आपल्यातलेही काही जण तसंच सांगून हातात देतात, हे मला सहन होत नाही.

कंडरा म्हणजे कोलेजनच्या धाग्यांची वळलेली दोरी. टाचेच्या कंडरेला हाडापासून वर 2 ते 6 सेंटिमीटरच्या पट्ट्यात रक्त सगळ्यांत कमी मिळतं, आणि बहुतेक वेळा ती तिथेच तुटते. जुनाट दुखण्यात तिथे दाहाच्या पेशी फारशा सापडत नाहीत. सापडतात ते विस्कटलेले धागे. ते ओळीत यायला महिने लागतात, आणि येतात ते बेताबेताने वाढवलेल्या भारामुळे. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये 15 हौशी खेळाडूंकडून पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम करून घेतला. दिवसातून दोनदा, 12 आठवडे. सगळे पुन्हा धावू लागले. त्या पायरीत विकण्यासारखं काही नाही, म्हणून तिची जाहिरातही नाही.

माझ्याकडे एका गावातला कबड्डीपटू आला होता. चांगला चढाईपटू. टाचेमागे गाठ आलेली, सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकवत नसत. मी भाराचे व्यायाम दिले, स्पर्धेला मनाई केली. मंडळातल्या कुणीतरी तेलाची बाटली दिली. आठवडाभर चोळल्यावर दुखणं गेलं आणि पोरगा मॅटवर उतरला. मागून कुणी लाथ मारली असं वाटून त्याने वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं. त्याला टेबलावर पालथा झोपवून मी पोटरी दाबली. शाबूत कंडरेचं पाऊल अशा वेळी खाली झुकतं. त्याचं हललं नाही. खोलीभर गंधपुऱ्याचा वास होता. वेदना त्याला थांब म्हणून सांगत होती आणि आपण तिचं तोंड बंद केलं होतं.

सकाळच्या सत्रात एक वाद रंगला: नीलगिरीच्या डोंगरातल्या गंधपुऱ्याच्या झुडपाचं तेल खरं की कारखान्यातलं? रानातलं निर्धोक, असं एका सन्मित्रांचं म्हणणं पडलं. त्यांना मी माझ्या एका पेशंट बाईंचं सांगतो. निवृत्त शिक्षिका, हृदयासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनच्या गोळ्या चालू. मुलाने उटीहून आणलेलं अस्सल तेल त्या रोज खांद्याला भरपूर चोळत. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर भलताच चढला. तेल थांबवलं आणि तो खाली आला. माझ्यापुरता वाद तिथेच मिटला.

तेल फेकून द्या असं मी म्हणत नाही. खांदा हलवायलाच घाबरणाऱ्या माणसाला व्यायामापूर्वी थोडं चोळून धीर येत असेल, तर जरूर चोळावं. मात्र सोबत भाराचं वेळापत्रक द्यावं, आणि बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नये हेही बजावावं. त्यातल्या चमचाभर, म्हणजे 5 मिलिलिटर, मिथाइल सॅलिसिलेटमध्ये सुमारे 7 ग्रॅम ॲस्पिरिनइतका ऐवज असतो.

तालमींसाठी आणि कबड्डी मंडळांसाठी सोप्या मराठीत पत्रक काढायला हवं. तेल वापरणाऱ्यांच्या आणि न वापरणाऱ्यांच्या नोंदीही ठेवायला हव्यात. त्याची रीत तरुण मंडळींनी बसवावी, माझ्याकडचे जुने कागद मी देईन. कार्यकारिणीकडे मात्र आजच एक मागणी आहे. ज्यांच्या बाटलीवर ‘फाटलेली शीर जुळते’ असं छापलेलं असेल, त्यांच्या पैशांतून पुढच्या अधिवेशनाचा मांडव उभारू नये, असा ठराव संध्याकाळच्या बैठकीत यावा. तो मांडायला मी स्वतः उभा राहीन.