शाळेआधी पत्ता बघा



चाकण-हिंजवडीतून म्युनिकला निघालेले आईबाप आधी एकच विचारतात, तिथली चांगली शाळा कोणती? पुण्यात हे विचारणं बरोबर आहे. म्युनिकमध्ये मात्र सरकारी प्राथमिक शाळा, म्हणजे ग्रुंडशूल, तुमच्या पत्त्यावरून ठरते. ज्या हद्दीत घर, तिथली शाळा. फी नाही, मुलाखत नाही. तेव्हा चौकशी करायची ती घराचा करार करण्यापूर्वी. अर्थात तिथे भाड्याचं घर मिळणंच इतकं अवघड, की बहुतेक जण मिळेल ते घेतात! मनासारखी शाळा मिळेपर्यंत मुलाला घरीच शिकवू म्हणाल, तर तेही चालत नाही. शाळेत जाणं सक्तीचं आहे.

खरी कसोटी पुढे आहे. बव्हेरिया राज्यात प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच. चौथीच्या मे महिन्यात एक प्रगतिपुस्तक मिळतं आणि त्यावर पुढची वाट ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात. तिथे १ ही सगळ्यांत चांगली श्रेणी आणि ६ सगळ्यांत वाईट. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर थेट विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम, २.६६ पर्यंत दहावीपर्यंतची रेआलशूल, त्यापुढे व्यवसाय शिक्षणाकडे नेणारी मिटलशूल. हुकलेल्यांसाठी चाचणीचे वर्ग असतात, पण दडपण ते दडपणच. आपल्याकडे दहावीला जे घरात चालतं, ते तिथे दहा वर्षांच्या पोराच्या वाट्याला येतं. पहिलीत दाखल झालेल्या मुलाला जर्मन मुरवायला जवळजवळ चार वर्षं मिळतात, तिसरी संपताना गेलेल्याला जेमतेम एक. पाढे पाठ असले तरी शाब्दिक उदाहरणं जर्मनमध्येच असतात ना! बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, तेवढी उसंत जास्त.

गिम्नाझियम हुकलं म्हणून कपाळाला हात लावू नये. रेआलशूलची दहावी झाल्यावर फाखओबरशूल या दहावीनंतरच्या शाळेतून उच्च शिक्षणाकडे जाता येतं. आपल्या मंडळींना हे पटायला वेळ लागतो.

राहता राहिली इंटरनॅशनल शाळा. इंग्रजी माध्यम, फी वर्षाला लाखांत. कंपनी भरते तोवर मजेत चालतं. पुढे स्थानिक पगारावर आलात, की जर्मन न येणारं मूल सातवीत मध्येच अडकतं. माझं मत विचाराल तर दोन वर्षांत परतायचं असेल, किंवा मूल नववी-दहावीत असेल, तर इंटरनॅशनल शाळा बरी. राहायचं नक्की असेल आणि मूल लहान असेल, तर डोळे मिटून जवळची सरकारी शाळा. ‘बघू, जमलं तर राहू’ म्हणत दिवस काढणाऱ्यांची मुलंच जास्त भरडली जातात.

एक शेवटचं. प्रवेशाच्या वेळी शाळा गोवराच्या लसीचा पुरावा मागते. मार्च २०२० पासून तसा कायदाच आहे. तेव्हा मुलांचं लसीकरणाचं कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका, विमानात हाताशी ठेवा.