अंकी आणि अक्षरी
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीने मला सांगितलं होतं, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण सगळ्यांना कळेल असं बोल." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे एका प्रकारच्या फाईलमधली माहिती दुसऱ्या प्रकारच्या फाईलमध्ये नेणं. एखादी जुनी प्रणाली बंद होते, नवी येते, आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी सुखरूप पलीकडे पोचवायच्या असतात. घर बदलताना सामान हलवतात तसंच हे. पण सामान हलवताना कपबशी फुटली तर आवाज होतो. माहिती हलवताना काही हरवलं, तर बहुतेक वेळा कळतही नाही.

उदाहरण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. या मेळाव्यासाठी सगळ्यांची एकत्र यादी करायचं काम माझ्याकडे आलं. माहिती तीन ठिकाणी होती. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून टाईप केलेली एक्सेलची फाईल, मागच्या मेळाव्याच्या स्मरणिकेची डीटीपीची फाईल, आणि या वर्षी मोबाईलवरून भरून घेतलेला फॉर्म. या तिन्हींची मिळून एक यादी करायची होती.

अशा कामात नेहमी भेटणारा प्रकार म्हणजे सीएसव्ही. अगदी साधा. एका ओळीत एक माणूस, आणि नाव, पत्ता, फोन यांच्यामध्ये स्वल्पविराम. साधा असल्यामुळे तो सगळीकडे चालतो. पण आपले पत्ते बघा. "घर क्र. ५, शनिवार पेठ" यात स्वल्पविराम आहेच. म्हणून असा मजकूर अवतरणचिन्हात ठेवावा लागतो. नाही ठेवला, तर त्या ओळीतलं पुढचं सगळं एक घर सरकतं आणि फोनच्या रकान्यात पेठ येऊन बसते. हा प्रकार कित्येक वर्षं वापरात होता, पण त्याचे नियम आरएफसी ४१८० या नावाने लिहून निघाले ते २००५ साली. तेही सगळे पाळतात असं नाही.

दुसरी गोष्ट, ००४७ हा रजिस्टर क्रमांक आहे की सत्तेचाळीस ही संख्या आहे, हे सीएसव्हीत लिहायची सोयच नाही. मग ती फाईल उघडणारा प्रोग्रॅम अंदाज बांधतो. संख्या समजला, तर पुढची शून्यं काढून टाकतो. पुण्याचा ०२० हा कोड नुसता २० होतो. जेसन नावाचा नवा प्रकार संख्या आणि मजकूर वेगळे ठेवतो, पण तारखेसाठी त्यातही वेगळी जागा नाही. सांगायचा मुद्दा एवढाच, की जे फाईलमध्ये लिहिलेलं नसतं, ते संगणक गृहीत धरतो. आणि गृहीत धरलं आहे हे तो आपल्याला सांगत नाही.

तारखांचं बघा. फॉर्ममध्ये कोणी ०५/०६/१९८२ लिहिलं. आपल्यासाठी ही पाच जून. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर त्याच्यासाठी ही सहा मे. म्हणजे ज्यांचा जन्म महिन्याच्या पहिल्या बारा तारखांना झाला, त्यांचे दिवस आणि महिने उलटे होऊ शकतात. पंचवीस तारखेचा माणूस वाचतो, कारण पंचविसावा महिनाच नाही. त्याची तारीख नुसता मजकूर म्हणून राहते. यादी वरून खाली पाहिली तर सगळं ठीक दिसतं. साल दोन अंकी लिहिलं तर आणखी गंमत. नेहमीच्या सेटिंगमध्ये एक्सेल ०० ते २९ हे आकडे २००० नंतरचे मानतं. १९२८ साली जन्मलेल्या एखाद्या गुरुजींचं साल नुसतं २८ लिहिलं, तर त्यांचा जन्म अजून व्हायचा आहे असं ते ठरवतं.

आता आपला शाळा सोडल्याचा दाखला आठवा. त्यात जन्मतारीख दोनदा असते, अंकी आणि अक्षरी. लहानपणी वाटायचं, एकच गोष्ट दोनदा कशाला? आज माझं मत आहे की माझ्या क्षेत्रातला फार मोठा धडा त्या दोन ओळींत आहे. आकडा पुसट झाला, कोणी तो उलटा वाचला, तरी "पाच जून" हे शब्द साक्षीला असतात. माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाणार, मधे गडबड होणार, हे तो दाखला तयार करणाऱ्याने आधीच धरलं होतं.

डीटीपीच्या फाईलची अडचण वेगळी होती. ती युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होती. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसतं, फॉन्ट गेला की निरर्थक चिन्हं उरतात. ती युनिकोडमध्ये आणताना नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. "ऊर्मिला" हे नाव घ्या. जुन्या पद्धतीत ते जसं दिसतं तसं साठवलेलं असतं. आधी ऊ, मग पहिली वेलांटी, मग म, त्यावर रफार, मग ला. युनिकोडमध्ये ते उच्चाराच्या क्रमाने साठवतात. ऊ, मग अर्धा र, मग म, त्यानंतर वेलांटी, मग ला. म्हणजे वेलांटी मागे न्यायची आणि रफार पुढे आणायचा. शिवाय "कऱ्हाड" मधला ऱ् आणि "कर्म" मधला रफार वेगळे आहेत, हेही सांभाळायचं. जोडाक्षरांचे नियम आपल्याला प्राथमिक शाळेत फळ्यावर शिकवले होते. तो प्रोग्रॅम लिहिताना मला तेच लागले. बाई, त्याबद्दल तुमचे आभार.

आता मुख्य गोष्ट. तिन्ही याद्या जुळवायच्या कशावरून? सगळ्यात सोपं म्हणजे नावावरून. तसं केलं तर मुलगे बहुतेक जुळतात आणि मुली गळतात. रजिस्टरमध्ये वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव असतं, फॉर्ममध्ये पुष्कळजणींचं आताचं. प्रोग्रॅमच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या व्यक्ती. एक शाळेत होती पण पुढे सापडत नाही, दुसरी आज आहे पण शाळेत कधी नव्हतीच. दहा वर्षं एका बाकावर बसलेल्या मुलीला आपलीच यादी ओळखत नाही. म्हणून जुळणी रजिस्टर क्रमांकावरून केली, तोही शून्यांसकट मजकूर म्हणून ठेवून. जिथे क्रमांक नव्हता तिथे फोन करून विचारलं. नावाचे रकाने दोन ठेवले, शाळेतलं आणि आताचं.

रिकाम्या जागेचंही तसंच. फोनचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ गाळून टाकायची सोय पुष्कळ साधनांत असते, आणि यादी कशी नीटनेटकी दिसते. पण रिकामा रकाना म्हणजे "आम्हाला माहीत नाही." "हा माणूस नाही" असा त्याचा अर्थ होत नाही. ज्याच्याकडे मोबाईल नाही किंवा जो कोणत्याच ग्रुपवर नाही, तोच नेमका असा गळतो, आणि त्यालाच बोलावणं जायला हवं असतं.

ही गोष्ट आपल्या यादीपुरती नाही. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेल्या फाईली एक्सेलच्या जुन्या प्रकारात ओतल्या जात होत्या, आणि त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. वरच्या ओळी बाहेरच राहिल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्या लोकांचा शोध त्यामुळे उशिरा सुरू झाला. त्याच वर्षी मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने 'मार्च१', 'सेप्ट१' अशा काही नावांत बदल केल्याचं जाहीर केलं, कारण स्प्रेडशीट त्यांच्या तारखा करून टाकत होती. प्रोग्रॅमची सवय बदलेना, म्हणून विज्ञानाने आपली नावं बदलली.

तुमच्यापैकी कोणी सोसायटीची यादी सांभाळतं, कोणी पतसंस्थेची, कोणी वर्गाचे निकाल. म्हणून चार गोष्टी सांगते. मूळ फाईलला हात लावू नका, नेहमी प्रतीवर काम करा. आधी किती ओळी होत्या आणि नंतर किती आहेत, ते मोजा. सीएसव्ही दोनदा टिचकी मारून उघडू नका. एक्सेलच्या "डेटा" भागातून आत घ्या आणि क्रमांकांचे, तारखांचे रकाने "टेक्स्ट" ठेवा. आणि तपासताना अवघड ओळी निवडून बघा. पाच तारखेचा जन्म, रफाराचं नाव, स्वल्पविरामाचा पत्ता, रिकामा फोन. या चार ओळी नीट उतरल्या तर बाकीच्या बहुधा उतरतात.

शेवटची तपासणी मात्र कोणताच प्रोग्रॅम करू शकत नाही. यादीच्या छापील प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत, शेजारी पेन्सिली आहेत. जेवायला जाण्याआधी प्रत्येकाने आपली ओळ वाचा. मैत्रिणींनो, स्मरणिकेत कोणतं नाव छापायचं ते तुम्ही ठरवा आणि तिथे खूण करा. ज्यांचा फोन रिकामा आहे, त्यांचा पत्ता कोणाला माहीत असेल तर लिहा. आणि जन्मतारीख लिहाल तेव्हा, आपल्या दाखल्यासारखी, अंकी आणि अक्षरी लिहा.